ऑफिसचा मेल सर्व्हर रोज सकाळी अडकतो, रॅम वाढवून फरक पडेल का?

अंबड_आयटी

नमस्कार मंडळी. नाशिकला अंबड एमआयडीसीत सुटे भाग बनवणाऱ्या एका कारखान्यात मी आयटी बघतो, एकटाच. मेल सर्व्हर आमच्याच सर्व्हर रूममध्ये आहे. उबुंटू २०.०४ (लिनक्स), मेल घ्यायला-पाठवायला पोस्टफिक्स, मेलबॉक्स सांभाळायला डव्हकॉट, ब्राउझरमधून मेल बघायला राउंडक्यूब, तपासणीला अमाविस आणि त्याच्या मागे स्पॅम शोधणारं स्पॅमअसॅसिन, व्हायरस शोधणारं क्लॅमएव्ही. १६ जीबी रॅम, २ टीबीच्या चार साटा डिस्क (७२०० आरपीएम), हार्डवेअर रेड ५ (वेगळा कंट्रोलर चारही डिस्क एकत्र चालवतो, एक डिस्क गेली तरी डेटा राहतो). खाती १८० च्या आसपास.

दिवाळीच्या सुट्टीनंतर कारखाना सुरू झाला तेव्हापासून हा त्रास आहे. सकाळी पावणेदहाला सुरू होतं ते साडेअकरापर्यंत चालतं. आउटलुकच्या आउटबॉक्समधून मेल हलत नाही, राउंडक्यूबमध्ये इनबॉक्स उघडायलाच मिनिटभर लागतं. सगळ्यात जास्त हाल डिस्पॅचवाल्यांचे. इनव्हॉइस आणि ई-वे बिलाची पीडीएफ ट्रान्सपोर्टरला मेलने जाते, तो मेल पोचेपर्यंत भरलेली गाडी गेटवर उभी. ड्रायव्हर सिक्युरिटीला विचारतो, सिक्युरिटी डिस्पॅचला, आणि डिस्पॅचचा फोन मला. जेवणाच्या सुट्टीनंतर मात्र सगळं सुरळीत.

आतापर्यंत बघितलेलं सांगतो. इंटरनेटची लाइन ठीक आहे, सर्व्हरला पिंग ठीक, स्विच बदलून बघितला. टॉप या कमांडमध्ये सीपीयू १५ टक्क्यांच्या वर जात नाही, पण लोड अ‍ॅव्हरेज ४० च्या पुढे. हे गणित मला लागत नाही. सर्व्हिस रिस्टार्ट केल्या की थोडा वेळ बरं चालतं, मग परत तेच. मेलची संख्या वाढलेली नाही, लॉगवरून मोजून बघितली.

हार्डवेअरवाला म्हणतो रॅम ३२ जीबी करा. जीएम साहेब म्हणतात सगळं क्लाउडवर टाका. दोन्हीला पैसे लागणार आणि दोन्हीबद्दल माझी खात्री होत नाही. आधी कुठे बघू?

हिंजवडी_७

साहेबांचं ऐका. १८० खात्यांचा सर्व्हर, स्पॅम, बॅकअप, सर्टिफिकेट हे सगळं एका माणसाने ओढायचं म्हणजे तुम्ही रजेवर गेलात की कंपनीचा मेल देवाच्या भरवशावर. आमच्याकडे क्लाउडवर हलवलं तेव्हापासून रात्रीचे फोन बंद झाले. खात्यामागे महिन्याला पैसे जातात, पण झोप लागते.

करवीर_नेट

क्लाउडचं नंतर बघा, आधी डीएनएस (नावावरून पत्ता शोधणारी यंत्रणा) तपासा. सर्व्हरला रिझॉल्व्हर, म्हणजे डीएनएसची उत्तरं शोधून देणारा सर्व्हर, कुठला दिलाय? बरेच जण गूगलचा ८.८.८.८ टाकून मोकळे होतात. स्पॅम पाठवणाऱ्या सर्व्हरच्या स्पॅमहाउससारख्या यादीला अशा सार्वजनिक रिझॉल्व्हरमार्फत विचारलं की खरं उत्तर मिळत नाही, १२७.२५५.२५५.२५४ हा एररचा कोड येतो. पोस्टफिक्समध्ये त्या यादीची ओळ कोड न तपासता लिहिलेली असेल तर चांगले मेलही परत जातात. शिवाय जुन्या बंद पडलेल्या याद्या कॉन्फिगमध्ये तशाच राहिलेल्या असतात. सॉर्ब्ज २०२४ च्या जूनमध्ये बंद झाली, तरी अजून किती जणांच्या फाइलमध्ये तिची ओळ आहे बघा. एखादी यादी उत्तरच देत नसेल तर येणारा प्रत्येक मेल टाइमआउट होईपर्यंत खोळंबतो. सर्व्हरवरच अनबाउंड बसवा, स्वतःचा रिझॉल्व्हर चालवा. फार काम नाही त्यात.

निरंजनी

रॅमची ऑर्डर तेवढी थांबवा.

सीपीयू रिकामा आणि लोड चाळीस, याचा अर्थ लागतो. लिनक्स लोड मोजताना सीपीयूची वाट बघणारे प्रोसेस धरतं, तसेच डिस्ककडून उत्तर यायच्या प्रतीक्षेत अडकलेलेही धरतं. टॉपच्या वरच्या भागात सीपीयूच्या ओळीत ‘डब्ल्यूए’ असा एक आकडा असतो, डिस्कच्या प्रतीक्षेत सीपीयूचा किती टक्के वेळ गेला तो. सकाळी दहाला तो किती असतो ते कळवा.

दुसरं, आणि माझ्या दृष्टीने जास्त महत्त्वाचं. मेल उशिरा पोचतो म्हणजे तो वाटेत कुठेतरी थांबलेला असतो. कुठे आणि किती सेकंद, हे पोस्टफिक्स प्रत्येक मेलमागे लॉगमध्ये लिहून ठेवतं. ती ओळ न वाचता लोक सर्व्हिस रिस्टार्ट मारतात, रॅम घालतात, सर्व्हरच बदलतात, याचं मला खरंच वाईट वाटतं. मेल लॉगमध्ये ‘डीलेज’ या शब्दापुढे तिरक्या रेघांनी तोडलेले चार आकडे असतात. पहिला: मेल सर्व्हरमध्ये यायला सुरुवात झाल्यापासून क्यू मॅनेजरच्या (पोस्टफिक्सचा रांग सांभाळणारा भाग) हातात पडेपर्यंतचा वेळ. दुसरा: क्यू मॅनेजरकडे रांगेत गेलेला वेळ. तिसरा: पुढच्या सर्व्हरशी जोडणी व्हायला लागलेला वेळ, यात डीएनएस, हेलो (सर्व्हरने आपली ओळख सांगणं) आणि टीएलएस (एन्क्रिप्शन) सगळं आलं. चौथा: प्रत्यक्ष मेल पुढे सोपवायला लागलेला वेळ. तिसरा मोठा असेल तर नेटवर्क किंवा डीएनएस बघायचं. दुसरा मोठा असेल तर पोचवणारे प्रोसेस कमी पडताहेत. तुमच्याकडे अमाविस मध्ये असल्यामुळे एका मेलच्या दोन ओळी दिसतील, एक अमाविसकडे दिल्याची आणि एक तिथून परत येऊन डव्हकॉटकडे किंवा बाहेर गेल्याची. दोन्ही ओळी टाका.

करवीर_नेट यांचा मुद्दा खरा आहे, आणि पारखायलाही सोपा. परचेसच्या एका खात्यावरून स्टोअरच्या खात्यावर एक ओळीचा मेल पाठवा. ऑफिसातले लोक लॉगिन करून पाठवतात, आणि नेहमीच्या कॉन्फिगमध्ये त्यांना त्या याद्यांच्या आधीच वाट मोकळी असते. तो मेलही अडकत असेल तर आजचा आजार याद्यांचा नाही. अनबाउंड तरीही बसवाच.

आता एक प्रश्न. तुम्ही लिहिलंय की दिवाळीच्या सुट्टीनंतर सुरू झालं. त्या सुट्टीत सर्व्हर चालू होता की मेन स्विच पाडून सगळं बंद केलं होतं?

उद्या सकाळी दहाला चार गोष्टी घ्या: डब्ल्यूए, डीलेजच्या काही ओळी, मोकळी रॅम दाखवणाऱ्या ‘फ्री’चं आउटपुट, आणि डिस्कवरचा ताण दाखवणारं आयोस्टॅट ‘एक्स’ पर्याय देऊन पाच-पाच सेकंदांनी. त्याच चार गोष्टी दुपारी चारला परत. फरक शेजारी शेजारी ठेवून बघायचाय.

अंबड_आयटी

निरंजनीताई, मनापासून आभार. हे घ्या.

सकाळी दहाला डब्ल्यूए ७८ ते ८५. दुपारी चारला ६.

फ्रीमध्ये सकाळीसुद्धा ९ जीबी अव्हेलेबल दिसते, स्वॅप (रॅम कमी पडली की वापरायची डिस्कवरची जागा) शून्य.

आयोस्टॅटमध्ये सकाळी डिस्क १०० टक्के बिझी, एकेका लिहिण्याला सरासरी २४० मिलिसेकंद. दुपारी ३० मिलिसेकंदांच्या आसपास.

परचेसवरून स्टोअरला पाठवलेला एक ओळीचा मेल, दहा वाजून पाच मिनिटांनी. अमाविसकडे जातानाची ओळ: ११/०.३/०.०२/४६. डव्हकॉटकडे जातानाची: ९/०.१/०.०१/२१. म्हणजे एकाच इमारतीत, एका भिंतीपलीकडच्या माणसाला मेल जायला दीड मिनिट!

सुट्टीत सगळं बंद होतं. इलेक्ट्रिकलवाल्यांचं पॅनेलचं काम होतं म्हणून यूपीएससकट सर्व्हर रूम आठवडाभर बंद ठेवली होती.

आणखी एक सांगायचं राहिलं. रोज पावणेदहाला प्रॉडक्शन प्लॅनिंगचा रिपोर्ट जातो, ८ एमबीची एक्सेल फाइल, ६० जणांच्या ग्रुपला. पण तो गेली कित्येक वर्षं असाच जातोय, तेव्हा कधी त्रास नव्हता.

निरंजनी

आकडे व्यवस्थित घेतलेत, त्यामुळे आता अंदाजाने बोलायची गरज उरली नाही. स्वॅप शून्य आणि ९ जीबी मोकळी, म्हणजे रॅमचा प्रश्न संपला. तिसरा आकडा दोन्हीकडे नगण्य, म्हणजे जोडणी आणि डीएनएसही सुटले. वेळ जातोय तो पहिल्यात आणि चौथ्यात, म्हणजे मेल डिस्कवर लिहून घेताना आणि पुढच्याने तो परत डिस्कवर लिहिताना. एक ओळीचा मेल घ्यायला ११ सेकंद लागताहेत, तिथे दुसरं काही असूच शकत नाही.

हे समजून घ्या, कारण पुढचा सगळा निर्णय यावर आहे. पोस्टफिक्स १९९८ साली बाहेर आलं तेव्हापासून ते लिहिणाऱ्या वीत्से व्हेनेमांनी त्यात एक शिस्त ठेवली आहे: मेल डिस्कवर पक्का उतरल्याशिवाय ‘२५०, मिळाला’ असं उत्तर द्यायचं नाही. रजिस्टर पोस्टाची पावती जशी पाकीट ताब्यात घेतल्यावरच फाडतात, तसं. ‘पक्का उतरला’ हे डिस्कच्या बाजूने कळेपर्यंत पोस्टफिक्स थांबतं. ही शिस्त चांगलीच आहे, तिच्यामुळे लाइट गेली तरी स्वीकारलेला मेल हरवत नाही. पण त्यामुळे मेल सर्व्हरचा वेग हा शेवटी लहान लहान लिहिण्यांचा वेग असतो.

७२०० आरपीएमची डिस्क सेकंदाला १२० वेळा फिरते. हेड जागेवर न्यायचा वेळ आणि अर्धा फेरा धरला तर एका डिस्कवर सेकंदाला ७५–८० विखुरलेली कामं होतात. चार डिस्क म्हणजे ३००. पण रेड ५ मध्ये एक छोटं लिहिणं म्हणजे चार कामं: जुना डेटा वाचा, जुनी पॅरिटी (डिस्क गेल्यास डेटा परत मिळवायची माहिती) वाचा, नवा डेटा लिहा, नवी पॅरिटी लिहा. ३०० भागिले ४, म्हणजे पूर्ण सर्व्हरला सेकंदाला ७५ लिहिण्या. एका मेलमागे क्यूची फाइल, अमाविसची तात्पुरती फाइल, तिथून परत आल्यावर दुसरी क्यू फाइल, मेलबॉक्समधली फाइल, डव्हकॉटचे इंडेक्स, फाइल सिस्टिमचं जर्नल (बदलांची नोंदवही), असं धरलं तर पंधरा-वीस लिहिण्या सहज होतात. सेकंदाला चार-पाच मेल, संपलं.

आणि ८ एमबीची फाइल मेलमध्ये ८ एमबी राहत नाही. बेस६४ मध्ये, म्हणजे मेलमधून जाऊ शकणाऱ्या साध्या अक्षरांत, गेल्यावर ती ११ एमबीच्या आसपास होते. ६० खात्यांत ६० प्रती, म्हणजे ६६० एमबी, बरोबर पावणेदहाला, जेव्हा बाकीचे लोक आउटलुक उघडून बसतात.

मग इतकी वर्षं कसं निभावलं? कारण रेड कंट्रोलरवर स्वतःची मेमरी असते. लिहायचं काम आधी त्या मेमरीत घेऊन ‘झालं’ म्हणून सांगायचं आणि सवडीने, क्रम लावून डिस्कवर उतरवायचं, याला राइट-बॅक म्हणतात. मध्येच लाइट गेली तर त्या मेमरीतला मजकूर टिकावा म्हणून कंट्रोलरला एक छोटी बॅटरी जोडलेली असते. ती बॅटरी मेली की कंट्रोलर मुकाट्याने राइट-थ्रूवर येतो, म्हणजे प्रत्येक लिहिणं थेट डिस्कवर. डेटा सुरक्षित राहतो, वेग जातो. सर्व्हर चालूच असतो, त्यामुळे मेलबाजूला एका ओळीचीही एरर दिसत नाही. ही लिथियमची बॅटरी काही वर्षंच टिकते, आणि म्हातारी झालेली बॅटरी आठवडाभर चार्जिंगशिवाय पडून राहिली की पुष्कळदा परत उठत नाही. म्हणून सुट्टीचं विचारलं.

रिस्टार्टने बरं वाटण्याचं कारणही हेच. सगळ्यांची जोडणी तुटते, डिस्कची रांग ओसरते, लोक परत जोडले गेले की पुन्हा भरते.

आता कंट्रोलरच्या कंपनीचं जे कमांड लाइनचं टूल असेल ते चालवा. बॅटरीची स्थिती बघा, व्हर्च्युअल डिस्कची (चारही मिळून दिसणारी एक) ‘करंट’ राइट पॉलिसी बघा, आणि इव्हेंट लॉग काढा. ‘डिफॉल्ट’ पॉलिसीकडे बघून समाधान मानू नका. तिथे राइट-बॅकच लिहिलेलं असणार.

त्या टूलमध्ये एक पर्याय दिसेल, बॅटरी नसली तरी राइट-बॅक सक्तीने चालू ठेवायचा. तो लावला की पाच मिनिटांत सगळं पळायला लागेल आणि साहेब खूश होतील. लावू नका. यूपीएस आहे म्हणूनही नको. यूपीएस बंद पडतो, पॉवर सप्लाय जळतो, कुणाचा तरी पाय वायरमध्ये अडकतो. अशा वेळी फक्त शेवटचे मेल हरवत नाहीत, फाइल सिस्टिमच अर्धवट लिहिलेली राहू शकते आणि १८० माणसांच्या मेलबॉक्सना हात लागतो. एका जिल्ह्याच्या ठिकाणच्या ऑफिसात असा सर्व्हर उघडून बसायची वेळ माझ्यावर आली आहे. रिकव्हरीनंतर सगळ्या फाइली ‘लॉस्ट प्लस फाउंड’मध्ये नुसत्या आकड्यांच्या नावाने पडल्या होत्या, कुठला मेल कुणाचा ते प्रत्येक फाइलचं हेडर वाचून लावावं लागत होतं. ते काम कुणाच्याही वाट्याला येऊ नये.

अंबड_आयटी

ताई, तसंच निघालं. बॅटरी: फेल्ड. डिफॉल्ट पॉलिसी राइट-बॅक, करंट राइट-थ्रू. इव्हेंट लॉगमध्ये सुट्टीनंतर सर्व्हर चालू केला त्याच सकाळची नोंद आहे.

बॅटरी मागवली आहे, पण जुनं मॉडेल असल्यामुळे यायला वेळ लागेल असं डीलर म्हणतो. तोपर्यंत डिस्पॅचला काही दिलासा देता येईल का? सक्तीचा पर्याय लावणार नाही, शब्द देतो.

निरंजनी

येईल. तीन गोष्टी करा.

अमाविसचं तात्पुरतं फोल्डर रॅममध्ये न्या, २ जीबीचं टीएमपीएफएस माउंट करून. तुमच्याकडे ९ जीबी मोकळी पडलीय, तिचा हा खरा उपयोग. यात मेल हरवायचा धोका नाही: अमाविसने तपासलेला मेल पुढच्या पोस्टफिक्सने ताब्यात घेतल्यावरच अमाविस मागे ‘मिळाला’ म्हणतं, तोवर मूळ प्रत क्यूमध्ये डिस्कवर असते.

प्लॅनिंगचा रिपोर्ट फाइल सर्व्हरवरच्या फोल्डरमध्ये ठेवायला सांगा आणि मेलमध्ये फक्त त्याचा पत्ता जाऊ द्या. प्लॅनिंगच्या माणसाला ६६० एमबीचं गणित कागदावर मांडून दाखवा. लोक ऐकतात, आकडा दिसला की.

मेल फाइल सिस्टिम ‘नोएटाइम’ने (फाइल वाचल्याची वेळ दरवेळी लिहायची नाही) माउंट आहे का बघा, आणि रात्रीचा बॅकअप सकाळी दहापर्यंत रेंगाळत तर नाही ना तेही. डिस्क हळू झाली की बॅकअपही लांबतो आणि कुणाच्या लक्षात येत नाही.

करवीर_नेट

हे कंट्रोलरच्या बॅटरीचं माझ्या डोक्यात आलं नसतं. माझ्याकडच्या दोन सर्व्हरची स्थिती लगेच काढून बघितली. एकावर राइट-बॅक आहे. दुसऱ्यावर बॅटरी ‘लर्न सायकल’मध्ये आणि पॉलिसी राइट-थ्रू दिसतेय. घाबरायचं कारण आहे का?

निरंजनी

नाही. काही कंट्रोलर ठरावीक काळाने बॅटरी स्वतःहून पूर्ण उतरवतात आणि परत भरतात, तिची ताकद मोजायला. तेवढे तास राइट-थ्रू असतं. सायकल संपल्यावर राइट-बॅक परत आलं की झालं. फक्त ती सायकल सोमवारी सकाळी सुरू होत असेल तर वेळ बदलून शनिवारी रात्री ठेवा. नवीन कंट्रोलरमध्ये बॅटरीऐवजी सुपरकपॅसिटर आणि फ्लॅश येतं, तिथे ही कटकट बरीच कमी आहे.

अंबड_आयटी

कळवायला उशीर झाला, माफ करा. बॅटरी रविवारी बसवली, चार्ज व्हायला काही तास गेले आणि मग पॉलिसी आपोआप राइट-बॅकवर आली. सोमवारी सकाळी दहाचे आकडे: डब्ल्यूए ४, लोड दोनच्या खाली, एका लिहिण्याला ६ मिलिसेकंद. परचेस ते स्टोअर मेल, अमाविसची ओळ ०.२/०.०१/०.०१/१.८. जवळजवळ सगळा वेळ आता तपासणीचाच आहे.

बॅटरी यायच्या आधीच टीएमपीएफएस आणि रिपोर्टचा बदल केल्यावर सकाळची कोंडी निम्म्यावर आली होती. प्लॅनिंगवाल्यांनी गणित बघून त्याच दिवशी फोल्डर वापरायला घेतलं. रॅमचं कोटेशन परत पाठवलं.

दोन गोष्टी राहिल्यात. राउंडक्यूबमध्ये मेलच्या मजकुरात शोधलं तर अजूनही फार वेळ लागतो, अकाउंट्सच्या ताई जुने पेमेंट अ‍ॅडव्हाइस असेच शोधतात. आणि जीएम साहेब क्लाउडचं विसरलेले नाहीत. त्यांना काय सांगू?

हिंजवडी_७

आकडे बघून बरं वाटलं. पण माझा मुद्दा कायम आहे: बॅटरी बदलली तरी सर्व्हर सांभाळणारा माणूस एकच आहे.

निरंजनी

हिंजवडी_७ बरोबर बोलताहेत, आणि साहेबांशी बोलताना तोच मुद्दा समोर ठेवा. तुमच्या गैरहजेरीत कोण बघणार, स्पॅमचा मारा वाढला तर कोण झेलणार, यावर क्लाउडचा निर्णय घ्यायचा. ‘सर्व्हर हळू आहे’ हे कारण आता उरलं नाही, त्या कारणाने घाईघाईत हलवू नका. उबुंटू २०.०४ चा नेहमीचा सपोर्ट २०२५ च्या मे महिन्यात संपला आहे, तेव्हा इथे राहा किंवा तिकडे जा, या मशीनवर फार काळ राहता येणार नाही हे साहेबांना आजच सांगा.

मजकुरातल्या शोधाचं असं आहे की इंडेक्स नसला तर डव्हकॉट त्या फोल्डरमधला एकेक मेल उघडून वाचतं. अकाउंट्सच्या मेलबॉक्समध्ये हजारो पीडीएफ असतील, तर वेळ लागणारच. डव्हकॉटला फुल-टेक्स्ट सर्चचं प्लगइन जोडता येतं, झॅपियनवर चालणारं घ्या, लहान ऑफिसला पुरतं. पहिल्यांदा इंडेक्स बनवताना डिस्कला खूप काम पडतं, म्हणून ते नव्या मशीनवरच करा, तेही सुट्टीच्या दिवशी. तोवर ताईंना सांगा की शोधताना विषय आणि पाठवणारा एवढ्यावरच खूण ठेवायची आणि फोल्डर वर्षाप्रमाणे वेगळे करायचे.

बॅटरीची स्थिती आणि करंट पॉलिसी रोज सकाळी सात वाजता क्रॉनने तपासा आणि बदल झाला तर एसएमएस येऊ द्या. मेल नको, मेलच अडकलेला असेल.

नवं मशीन घेताना रेड ५ घेऊ नका. दोन एसएसडी मिरर करून (दोन्हींवर तोच डेटा) घ्या, आणि त्या सर्व्हरच्या एसएसडी असू द्या, ज्यांत लाइट गेल्यावर हातातलं लिहून पूर्ण करायला कपॅसिटर असतात. घरच्या कॉम्प्युटरची स्वस्त एसएसडी ‘पक्कं लिही’ म्हटल्यावर बरीच मंद होते आणि तुम्ही परत इथेच प्रश्न घेऊन याल. कोटेशन मागवताना ‘पॉवर लॉस प्रोटेक्शन’ हे शब्द लिहून मागा, डीलर तोंडी हो म्हणतो आणि दुसरीच डिस्क पाठवतो.